गोळी हरली, की पोटात गेलीच नाही?

वाचकाचा प्रश्न

खानापूर तालुक्यातील एका गावातून 44 वर्षांच्या एका आईने सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यांची मुलगी 17 वर्षांची असून पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. अकराव्या वर्षी ती शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीत कोसळली. फिट आली असे समजून पुढची तीन वर्षे तिला फिटच्या गोळ्या दिल्या गेल्या. नंतर ईसीजी काढला तेव्हा ‘लाँग क्यूटी सिंड्रोम’ हा हृदयाच्या लयीचा आनुवंशिक आजार असल्याचे निदान झाले आणि प्रोप्रानोलोलची गोळी दिवसातून तीन वेळा सुरू झाली. तरीही गेल्या वर्षभरात ती दोनदा बेशुद्ध पडली. एकदा सकाळची बस पकडण्यासाठी धावताना, आणि दुसऱ्यांदा नवरात्रात, उपवास सुरू असताना जुलाब-उलट्या झाल्या तेव्हा. बेंगळूरच्या डॉक्टरांनी आता दोन मार्ग सांगितले आहेत. एक, दुर्बिणीने छातीतली नस कापण्याची शस्त्रक्रिया, जिचे यश 91 टक्के असल्याचे त्यांच्या कानावर आले आहे. दुसरा, छातीत मशीन बसवणे. घरात एकमत नाही. शेजारच्या एका मुलाच्या हृदयातला दोष ‘तार घालून जाळला’ आणि तो कायमचा बरा झाला, मग हिचा का नाही, असे दीर विचारतात. हा ‘तुझ्या माहेरचा रोग’ आहे असे सासूबाई म्हणतात, कारण पत्रलेखिकेचा धाकटा भाऊ 19 व्या वर्षी मलप्रभेत बुडून गेला होता. थोरल्या भावाच्या मुलाशी या मुलीचे लग्न लहानपणापासून बोललेले आहे, त्यामुळे शस्त्रक्रिया लग्नानंतर करावी असाही एक विचार आहे. बारा वर्षांचा मुलगा कबड्डी खेळतो आणि त्याला काही त्रास नाही. प्रश्न असा, की नस कापावी, मशीन बसवावे की थांबावे? आणि शस्त्रक्रिया झाली की गोळ्या सुटतील का?

उत्तर

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनात तिसऱ्या पानाच्या कडेला, शाई संपत आल्यासारख्या अक्षरांत लिहिलेले एक वाक्य दिसले: ‘सकाळच्या गोळीने वर्गात झोप येते म्हणते, म्हणून कॉलेज असेल त्या दिवशी ती दुपारीच घेते.’ तुमच्या दृष्टीने ही किरकोळ गोष्ट असावी, म्हणून ती कडेला गेली. माझ्या दृष्टीने मात्र सगळे पत्र या एका वाक्यावर उभे आहे. नस की मशीन हा तुमचा प्रश्न ‘औषधाने काम केले नाही’ हे गृहीत धरून विचारलेला आहे, आणि ते गृहीत खरे आहे की नाही हे अजून कोणीच तपासलेले दिसत नाही.

मी तुमच्या मुलीला तपासलेले नाही. त्यामुळे शस्त्रक्रिया करा किंवा करू नका असा निकाल मी येथून देणार नाही. बेंगळूरच्या डॉक्टरांसमोर पुन्हा बसाल तेव्हा कोणती माहिती हातात असायला हवी, एवढे मात्र सांगू शकते.

आधी आजाराविषयी. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज व्हावे लागते. ईसीजीच्या कागदावर या साऱ्या व्यवहाराला लागणारा वेळ ‘क्यूटी’ म्हणून मोजतात. पेशीतले पोटॅशियम बाहेर सोडणारी सूक्ष्म दारे जन्मतःच सदोष असली की हा वेळ लांबतो. बेळगावच्या शहापूर-वडगावात ज्यांनी विणकराचा माग चालताना पाहिला आहे त्यांना हे चटकन कळेल. धोटा पलीकडच्या पेटीत पोचण्याआधीच फणी आपटली तर तो मध्येच अडकतो आणि ताण्याचे धागे तुटतात. लांबलेल्या वेळात पुढचा ठोका येऊन आदळला की हृदयाची लय अशीच तुटते, मेंदूला रक्त पोचत नाही आणि माणूस कोसळतो. बहुतेक वेळा लय काही सेकंदांत आपोआप जुळते आणि मूल उठून बसते. कधी जुळत नाही. झटके येताना दिसतात म्हणून घरचे फिट समजतात आणि पुष्कळदा डॉक्टरही तसेच समजतात. फार वर्षांपूर्वी एका मुलाला मीही ईसीजी न काढता फिटच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्यामुळे तुमच्या पहिल्या डॉक्टरांवर मी दगड मारणार नाही.

या आजाराचे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात धावणे, आणि विशेषतः पोहणे, घात करते. दुसऱ्यात अचानक वाजलेला गजर किंवा फोन. तिसऱ्यात त्रास बहुधा विश्रांतीत किंवा झोपेत होतो. तुमची मुलगी दोन वेळा धावताना पडली आणि तुमचा भाऊ पाण्यात गेला, यावरून हा पहिला प्रकार असण्याची शंका येते. भावाविषयी तुम्ही लिहिता, ‘पट्टीचा पोहणारा होता, पाणी कमरेएवढे होते, आसरांनी ओढला म्हणतात.’ पट्टीचा पोहणारा कमरेएवढ्या पाण्यात आवाज न करता बुडतो, तेव्हा पाण्याआधी हृदय थांबले असण्याची शक्यता फार मोठी असते. हे वीस वर्षांनी वाचताना तुम्हाला काय वाटेल याची मला जाणीव आहे. तरीही लिहिते, कारण मुलीच्या डॉक्टरांना ही हकिकत ठाऊक आहे असे पत्रातून कुठेच दिसत नाही.

दिरांच्या शंकेचे उत्तर थोडक्यात देते. शेजारच्या मुलाच्या हृदयात जन्मतःच एक जादा विद्युत्-मार्ग असावा. तो तारेने जाळला की दोष मुळासकट जातो. तुमच्या मुलीचा दोष असा एका जागी बसलेला नाही, तो हृदयाच्या पेशीपेशीत आहे. त्यामुळे जाळण्यासारखे तिथे काही नाही.

आता गोळीविषयी. या आजारात प्रोप्रानोलोल आणि नॅडोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातली दोन औषधे सर्वांत भरवशाची मानली जातात. त्याच गटातले मेटोप्रोलोल कमी पडते, म्हणून मेडिकलमधून ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून गोळी बदलून मिळाली तर नाव वाचल्याशिवाय घेऊ नका. पहिल्या प्रकारात ही औषधे इतकी उपयोगी पडतात, की ‘औषध घेऊनही पडली’ अशा हकिकतींच्या मुळाशी बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट निघते: गोळी चुकलेली असते, नाहीतर क्यूटी आणखी लांबवणारे दुसरे एखादे औषध पोटात गेलेले असते. तुमच्या मुलीच्या बाबतीत, पत्रावरून तरी, दोन्ही घडलेले दिसते. साधी प्रोप्रानोलोल काही तासांतच उतरते, म्हणून ती दिवसातून तीन वेळा देतात. रात्रीच्या गोळीनंतर सकाळची चुकली, तर सहाच्या बसमागे धावताना तिच्या अंगात औषध जवळजवळ उरलेलेच नव्हते.

नवरात्रातल्या प्रसंगाची चिठ्ठी तुम्ही सोबत पाठवलीत हे फार बरे झाले. उलटी थांबण्यासाठी दिलेले ऑन्डान्सेट्रॉन आणि जुलाबासाठी दिलेले सिप्रोफ्लॉक्सासिन ही दोन्ही औषधे क्यूटी लांबवतात. त्यातच जुलाबांनी शरीरातले पोटॅशियम उतरते, उपवासाने भर पडते, आणि उलटीत प्रोप्रानोलोल पोटात टिकले की नाही हेही सांगता येत नाही. गावातल्या डॉक्टरांना मुलीचा आजार माहीत असता तर त्यांनी हे लिहिले नसते. तो त्यांना कोणी सांगितला होता का? अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, पित्तासाठी सर्रास घेतली जाणारी डॉम्पेरिडोन, क्लोरोक्विन, बुरशीवरचे फ्लुकोनाझोल हीही त्याच यादीतली नावे आहेत. मुलीच्या आजाराचे नाव आणि ही नावे एका जाड कागदावर लिहून तिच्या पासच्या पाकिटात ठेवा, आणि कुठल्याही दवाखान्यात तोंड उघडण्याआधी तो कागद पुढे करायला तिला सांगा. जुलाब लागले तर उपवास मोडायचा, मीठ-साखरेचे पाणी सुरू करायचे, आणि गोळी पोटात टिकत नसेल तर घरी न थांबता दवाखाना गाठायचा.

म्हणून पहिले काम असे, की मुलीशी एकटीने बोला. तुमच्या सहा पानांत सासूबाईंचे, दिरांचे, भावजयीचे मत आहे. गोळी खरोखर कधी आणि किती वेळा घेतली जाते हे ज्या एकटीला ठाऊक आहे, तिचे एकही वाक्य नाही. रागावून विचारलेत तर ती ‘रोज घेते’ असेच सांगेल. झोप येणे, हातपाय गार पडणे, चढणीला दम लागणे, उदास वाटणे हे या औषधाचे खरोखरचे त्रास आहेत, तिचे बहाणे नव्हेत. दिवसातून तीनऐवजी एक-दोनदा घेण्याची, अंगात सावकाश उतरणारी गोळी देता येईल का, असे डॉक्टरांना विचारता येते. पण त्यासाठी आधी कोणीतरी खरे सांगावे लागते. दम्याचा त्रास असेल तर तोही सांगा, कारण दम्यात हे औषध चालत नाही. आणि कोणत्याही कारणाने ते एकाएकी बंद करायचे नाही. एकदम सोडल्यास धोका उलट वाढतो.

आता शस्त्रक्रियेकडे येते. नस कापणे हा शब्द ऐकायला भीतीदायक वाटतो, पण ही शस्त्रक्रिया हृदयावर होतच नाही. भीती, राग, धावपळ यांचा निरोप हृदयापर्यंत नेणारी मज्जातंतूंची एक साखळी मणक्याच्या बाजूने छातीत उतरते. तिच्या डाव्या बाजूच्या वरच्या गाठीचा खालचा अर्धा भाग आणि त्याखालच्या दोन-तीन गाठी काढून टाकतात, म्हणजे घबराटीचा निरोप हृदयावर पूर्ण जोराने आदळत नाही. ही कल्पना जुनी आहे. रुमानियातील थॉमस योनेस्कू यांनी 1916 मध्ये हृदयरोगासाठी अशी शस्त्रक्रिया केली होती, आणि लाँग क्यूटीसाठी तिचा उपयोग झाल्याचे अमेरिकेतील मॉस आणि मॅकडोनाल्ड यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळी मोठा छेद घ्यावा लागे. आज काखेखाली दोन-तीन लहान छिद्रे पाडून, पूर्ण भूल देऊन, दुर्बिणीने ती होते आणि गुंतागुंत झाली नाही तर मूल काही दिवसांत घरी येते. ‘निशाण दिसेल’ या भावजयीच्या काळजीला एवढेच उत्तर आहे, की ती निशाणे ब्लाउजच्या बाहीखाली जातात.

निशाणापेक्षा वेगळ्या गोष्टी मुलीला आधी कळायला हव्यात. डावा तळहात कोरडा आणि उबदार होतो, घाम उजवीकडेच येतो, धावल्यावर चेहरा एकाच बाजूला लाल होतो. काही आठवडे छातीत आणि हातात झिणझिण्या किंवा जळजळ राहू शकते. वरच्या गाठीच्या वरच्या अर्ध्या भागाला धक्का लागला तर डावी पापणी थोडी उतरते. अनुभवी हातांत हे क्वचित होते आणि झाले तरी पुष्कळदा ओसरते, पण सतरा वर्षांच्या मुलीला आरशात पाहिल्यावर ते प्रथम कळता कामा नये.

आणि ते 91 टक्के. हा आकडा खोटा नाही. इटलीचे पीटर श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये ही शस्त्रक्रिया झालेल्या 147 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यातला तो आहे. पण तो शंभरातल्या 91 मुली बऱ्या झाल्या असे सांगत नाही. दरवर्षी दर रुग्णामागे बेशुद्ध पडण्यासारखे जे प्रसंग येत, त्यांची सरासरी 91 टक्क्यांनी घटली, असा त्याचा अर्थ आहे. वर्षाला दहा वेळा पडणारी एकदा पडू लागली तरी तो मोठाच लाभ आहे. पण शस्त्रक्रियेनंतर ज्यांना पुन्हा एकदाही त्रास झाला नाही असे रुग्ण निम्म्याहून थोडे कमीच होते, आणि काही जण दगावलेही. हे रुग्ण मुळातच अतिशय धोक्यातले होते, हेही लक्षात घ्यायला हवे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. शस्त्रक्रियेनंतर गोळी सुटत नाही. नस कापणे हे गोळीच्या जोडीला असते, गोळीच्या जागी नसते. गोळ्या सुटतील या आशेवर जर ती शस्त्रक्रियेला तयार झाली असेल, तर तिचा गैरसमज टेबलावर जाण्याआधी दूर करा.

मशीनची गोष्ट वेगळी आहे. मिशेल मिरोव्स्की यांच्या प्रयत्नांतून 1980 मध्ये अमेरिकेत माणसाच्या शरीरात पहिल्यांदा बसलेले हे यंत्र बिघडलेली लय ओळखते आणि आतून विजेचा धक्का देऊन ती ताळ्यावर आणते. ते बिघाड रोखत नाही, बिघाड झाल्यावर धावून येते. ज्याचे हृदय एकदा पूर्ण थांबून छाती दाबून किंवा धक्का देऊन परत चालू करावे लागले, अशा रुग्णाला ते जरूर बसवतात आणि तिथे घासाघीस करू नये. तुमच्या मुलीच्या बाबतीत तसे झालेले नाही. सतराव्या वर्षी बसवलेल्या मशीनची बॅटरी संपेल तसे ते आयुष्यात अनेकदा बदलावे लागते, धावत्या-खेळत्या वयात आतल्या तारा खराब होतात, जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि कधी कधी कारण नसताना धक्का बसतो. जागेपणी तो धक्का बसलेल्या मुलांच्या मनात जी दहशत बसते ती मी पाहिली आहे, आणि या आजारात दहशत हेच पुढच्या झटक्याचे निमित्त होऊ शकते. त्यामुळे माझा कल असा आहे, की गोळी खरोखर नियमित घेऊनही ती पुन्हा पडली, किंवा गोळी तिला सोसतच नसेल, तर नस कापण्याच्या शस्त्रक्रियेला भिऊ नये. आणि मशीनचा निर्णय हृदयाच्या लयीच्या तज्ज्ञांवर सोडावा. ईसीजीवरचा हिशेबाने काढलेला क्यूटी 500 मिलिसेकंदांच्या वर असेल तर ते अधिक घाई करतील, आणि ती घाई योग्यच असेल.

लग्नानंतर शस्त्रक्रिया करावी या विचाराचे मला एकही वैद्यकीय कारण सापडत नाही. ती 17 वर्षांची आहे, त्यामुळे कायद्यानेही ही बोलणी आज पुढे जाऊ शकत नाहीत. पण खरी अडचण तारखेची नाही. ‘घरातच द्यायची, म्हणजे लपवायला नको’ असे तुम्ही लिहिता, आणि मी तुम्हाला तेच घर टाळायला सांगणार आहे. हा दोष आईवडिलांपैकी एकाकडून मुलात येण्याची शक्यता प्रत्येक मुलामागे निम्मी असते. तो तुमच्या माहेरच्या रक्तातून आला असेल, तर तो तुमच्या थोरल्या भावात असण्याची शक्यता निम्मी आणि त्याच्या मुलात असण्याची चौथाई ठरते. दोघांतही तो निघाला, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला दोन्हीकडून मिळून दुहेरी दोष येण्याची शक्यता चारात एक. अशा मुलांतला आजार फार उग्र असतो आणि त्यांतली काही जन्मतः बहिरी असतात. येर्वेल आणि लांगे-नील्सन या नॉर्वेच्या डॉक्टरांनी 1957 मध्ये अशाच एका कुटुंबातल्या भावंडांचे वर्णन केले होते. आपल्या भागात मामा-आत्याच्या घरातली सोयरीक घरोघर आहे, म्हणून हा परिच्छेद तुमच्याइतकाच इतरांसाठीही लिहिते आहे. बाहेरचे स्थळ आले तर ठरण्याआधी आजार सांगावा असे माझे स्पष्ट मत आहे. तिला रोज तीन वेळा गोळी घ्यायची आहे, आणि बाळंतपणातही ती चालू ठेवायची आहे. लपवून घेतलेली गोळी फार दिवस नियमित राहत नाही.

सासूबाईंचा आरोप निम्मा खरा असेलही. दोष तुमच्याकडून आला असणे शक्य आहे, पण रंग आणि उंची जशी येते तसा. त्यात अपराध कसला? कोणाकडून आला हे ठरवण्याचा मार्ग भांडण नसून ईसीजी आहे, आणि पहिला ईसीजी तुमचा स्वतःचा असायला हवा. नंतर मुलाच्या वडिलांचा आणि मुलाचा, मग थोरला भाऊ आणि त्याची मुले. कबड्डी खेळणाऱ्या मुलाला त्रास नाही हे समाधान मी तुमच्याकडून काढून घेते आहे, त्याचे वाईट वाटते. पण तुमचा भाऊही त्या दिवसापर्यंत ठणठणीत होता. दोष असलेल्यांपैकी साधारण चौथाई लोकांचा ईसीजी बसल्या जागी ठीक येतो, म्हणून मुलाचा कागद चांगला आला तरी विषय तिथे मिटत नाही. मुलीची जनुकीय तपासणी करून नेमका दोष सापडला, तर मग घरातल्या इतरांची त्याच एका दोषासाठी तपासणी करता येते. तोपर्यंत त्याला नदीत किंवा विहिरीत उतरू देऊ नका आणि कबड्डी थांबवा. तुमच्या मुलीने तर पोहायचेच नाही.

खर्चाचे बोलायचे तर, कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. तातडीची वेळ नसेल तर सरकारी दवाखान्याची शिफारस चिठ्ठी लागते, ती बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातून आधीच घेऊन ठेवा. महाराष्ट्राने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला होता; तुमचे गाव त्यात आहे का ते पाहा. दोन्हीकडे ही विशिष्ट शस्त्रक्रिया बसते का, हे दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर विचारून घ्या.

एक सीमाभागातली गोष्ट. संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असते, आणि आपली माणसे ‘डॉक्टर म्हणाले म्हणून’ खाली सही करतात. सही करण्याआधी मराठीत समजावून मागा, आणि ही शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः किती केल्या आहेत, पापणी उतरण्याचे प्रमाण तुमच्याकडे किती आहे, असे सर्जनला सरळ विचारा. चांगला सर्जन याने दुखावत नाही.

घरात आणि कॉलेजात कोणाला तरी छाती दाबायला शिकवून ठेवा. ती कोसळली, हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर तोंडात चमचा घालणे, कांदा हुंगवणे यात एक क्षणही घालवू नका. एकाने 108 लावावा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, दोन इंच खाली जाईल इतक्या जोराने दाबत राहावे.

बेंगळूरची पुढची तारीख पुढे ढकलू नका, आहे तीच ठेवा. निघण्याआधीच्या पंधरा दिवसांत प्रत्येक गोळीपुढे वेळ लिहायला मुलीला सांगा, चुकली असेल तिथे ‘चुकली’ असेच लिहू द्या. फाइलमध्ये ती वही, नवरात्रातली चिठ्ठी, घरातल्या सर्वांचे ईसीजी आणि तुमच्या भावाविषयी एक पान असू द्या: वय, महिना, पाणी किती होते, तो पाण्यात ओरडला होता की नाही. ते पान सर्वांत वर लावा.